विषय कुठला? सगळे!

डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, करतेय म्हटलं की समोरचं माणूस हमखास विचारतं, "विषय कुठला?" दापोली-हर्णै एस.टी.त शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, मी पूर्वी ज्या कापडाच्या दुकानात बिलं करायचे तिथल्या शेठनी विचारलं, नणंदेच्या साखरपुड्यात तर अख्ख्या पंगतीला चघळायला तेवढंच मिळालं. "सगळे" असं सांगितलं की चेहरे जरा पडतात. हायस्कूलच्या सरांचं गणित असतं, विज्ञान असतं, त्याला वजन असतं. सगळे विषय म्हणजे धड एकही नाही, असा हिशेब लोक मनातल्या मनात करून टाकतात.

पहिल्या वर्षी माझ्याही मनात तोच हिशेब होता. पदवी मराठीची. दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सोपं 'सामान्य गणित' घेतलेलं. त्या काळात ज्यांनी दहावी केली त्यांना एवढ्यावरून माझी सगळी कुंडली कळेल. इंग्रजी वाचून समजायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं नाही. आणि मी गाऊ नये अशी घरच्यांची लहानपणापासूनची विनंती. एवढ्या भांडवलावर आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवायच्या सरावासाठी, खाडीकाठच्या एका शाळेत दाखल झाले. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी गुरुजींकडे, आणि तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत बाईंकडे. त्या खोलीत मी. मुलांनी लगेच वाटणी करून टाकली. त्या 'बाई', मी 'छोट्या बाई'.

वर्गात उभं राहायची सवय झाली की सगळे विषय आपोआप जमतील, असं आम्हा सगळ्या प्रशिक्षणार्थींना वाटायचं. उभं राहायची सवय चार दिवसांत होते. पण प्रत्येक विषयाला वेगळ्या जातीचा धीर लागतो, आणि मराठीच्या तासाला कमावलेला धीर गणिताच्या तासाला खर्च करता येत नाही.

मराठीचंच बघा. हा माझा हक्काचा विषय. आणि याच विषयात मला सगळ्यात जास्त चाचपडायला लागलं. तिसरीतला एक मुलगा 'घ' आणि 'ध' यांत दरवेळी थबकायचा. मला त्यावर काही सुचेना, कारण मला स्वतःला वाचायला कसं आलं तेच आठवत नाही. आपल्याला एखादी गोष्ट फार सहज आली असेल तर ती अडते कुठे हे दिसतच नाही. बाईंनी त्याला ओल्या वाळूवर बोटाने अक्षरं काढायला लावली, डोक्यावरची रेघ कुठे तुटते ते बोटाने चाचपायला लावलं. मला पदवीच्या कुठल्याच पेपरात हे भेटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बोलीची. आमच्या वर्गात कोळी, खारवी, भंडारी, कुणबी, मुसलमान अशा सगळ्या घरांतली मुलं आहेत आणि प्रत्येकाची घरची बोली जरा वेगळी. मूल उठून सांगत असतं, "बाय, काल आमच्या व्हडीवर एवडा मोटा मासा हाय ना...", आणि तिथेच त्याला थांबवून "हाय नाही, आहे म्हण" असं सांगायचं, ही पद्धत मी पाहिलेली आहे. ती मला पटत नाही. मासा केवढा होता ते राहूनच जातं आणि ते मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. मी आधी गोष्ट ऐकते. मग तीच गोष्ट फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहिते आणि त्यालाच वाचायला देते. दोन्ही त्याच्याच आहेत हे त्याला कळतं. निरीक्षणाला आलेल्या एका अनुभवी माणसाला हे आवडलं नाही, पण त्या बाबतीत माझं मत ठाम आहे.

गणिताची भीती मात्र खरी होती. रात्री दुसऱ्या दिवशीचं पान काढून बसायचे आणि प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून बघायचे. त्यातून एक फायदा असा झाला की कुठली पायरी निसरडी आहे ते मला वर्गात जायच्या आधीच माहीत असायचं. हिराच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून हातच्याची वजाबाकी घेतली. गठ्ठा सोडायचा, दहा सुट्या काड्या एककाच्या घरात टाकायच्या. हे करताना 'हातचा घेतला' म्हणजे नक्की काय घेतलं ते मला स्वतःला इतक्या वर्षांनी दिसलं.

चौथीतली एक मुलगी आहे. तिची आई मासे विकते, शाळा सुटल्यावर ही पाटीशेजारी बसते. कागदावर ५०० वजा ३४० मांडलं की ती पेन्सिल चावत बसते. पण गिऱ्हाईकाने पाचशेची नोट दिली आणि तीनशे चाळीसचे मासे घेतले तर ही एका दमात एकशे साठ परत देते. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "तीनशे चाळीसचे पन्नास केले, मग चारशे केले, मग पाचशे." दहा, पन्नास, शंभर. वजाबाकी केलीच नाही, पुढे पुढे मोजत गेली. मी हसायलाच लागले, कारण दुकानाच्या काउंटरवर वर्षानुवर्षं मी सुटे असेच परत केलेत. तो हिशेब म्हणजे गणित, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मग फळ्यावर एक रेघ ओढली, तीनशे चाळीसपासून पाचशेपर्यंत तिच्या उड्या त्यावर काढल्या, आणि शेजारी हातच्याची मांडणी लिहिली. उत्तर एकच आलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

जाता जाता संख्यावाचनाबद्दल. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण परोपरीने समजावून सांगितलं, पण फिरले ते व्हॉट्सअॅपवरचे विनोद. ते विनोद करणारं कुणी दुसरीच्या वर्गात उभं राहिलेलं नसावं. पंचवीस ऐकल्यावर आधी पाच लिहिणारं पोर, एकोणसत्तर ऐकून सत्तराच्या घरात जाणारं पोर ज्याने रोज पाहिलंय, तो हसणार नाही. मी दोन्ही वापरते. आधी 'साठ नऊ', मग 'एकोणसत्तर'. मुलं गोंधळत नाहीत, गोंधळतात ते पालक.

आता समुद्राच्या भरतीची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

पाचवीच्या परिसर अभ्यासात पृथ्वीच्या फिरण्याचा पाठ आहे, त्यात चंद्राच्या कला आणि तिथी येतात. मी चेंडू, टॉर्च वगैरे तयारी करून गेले होते. पण ही खाडीकाठची मुलं. प्रतिपदा, द्वितीया म्हणायच्या आधीच एकाने विचारलं, "म्हंजे भरतीची तिथी ना, बाय?" किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असलेला आडाखा त्याच्या आज्याने त्याला शिकवलेला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी खेडकडची, डोंगराच्या बाजूची. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते वेळ बघून येत नाही. हा आडाखा मी ऐकून होते, वापरला कधीच नव्हता.

त्याच आठवड्यात चौथीला पाव, अर्धा, पाऊण चालू होतं आणि ते वर्गाच्या गळी उतरत नव्हतं. पुस्तकातल्या भाकरीचे चार भाग करून झाले होते, कागदाच्या घड्या घालून झाल्या होत्या. मी दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि फळ्यावर पंधरा तिथी लिहिल्या. बाई कोपऱ्यात हजेरीपत्रक भरत होत्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे जुन्या काळच्या मास्तरांनी, त्यांच्याकडून पावकी-निमकी-पाऊणकी घोटून घेतलेली. त्यांनी मान वर न करता सुरू केलं, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." मुलं मागून म्हणायला लागली आणि मी वेळा लिहीत गेले. पंचमी पावणेचार. दशमी साडेसात. एकादशी सव्वाआठ. पाऊणपटीचं उत्तर नेहमी पूर्ण, सव्वा, साडे किंवा पावणे यांतच पडतं, म्हणून पुठ्ठ्याच्या घड्याळावर मोठा काटा दरवेळी चारच ठिकाणी थांबतो. पाव म्हणजे काय हे त्या काट्याने जितक्या लवकर शिकवलं तितकं भाकरीने शिकवलं नव्हतं.

आणि मग पाचवीतल्या एका मुलाने, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, विचारलं, "बाय, पौर्णिमेला सव्वाअकरा आलं, आनि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण कसं? रोज पाऊण तास वाढतो तर मदेच दीड तास कसा गेला?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माहीत नाही. उद्या सांगते." परिसर अभ्यासाला लागणारा धीर तो हाच. मराठीत 'माहीत नाही' म्हणायची वेळ क्वचित येते, गणितात पान आधी सोडवून नेता येतं. पण परिसर म्हणजे खिडकीबाहेरचं सगळं, त्याची तयारी करून कुणी येऊच शकत नाही.

रात्री वही घेऊन बसले. भरती चंद्राच्या ओढीने येते, म्हणून आधी चंद्राचा हिशेब. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवतो. म्हणजे पंधरा तिथींत तो बारा तास मागे पडतो. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले पंधरा, एका तिथीला ४८ मिनिटं. आणि आपला आडाखा धरतो पाऊण तास, म्हणजे ४५. तिथीला तीन मिनिटं कमी. पंधरा तिथींत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे पुन्हा पाऊण तासच! सव्वाअकरात तो मिळवला की बरोबर बारा, आणि बारानंतर प्रतिपदेला पाऊण. उडी गायब. अपरात्री नवऱ्याला उठवून हे दाखवलं. त्याला सकाळी काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर सांगितलं नाही. ७२० ला १५ ने भागायचं उदाहरण पाचवीला दिलं आणि ४८ आल्यावर विचारलं, "आपण किती धरले होते?" तो खिडकीवाला मुलगा जागेवरून ओरडला. ज्यांनी पाऊणपट ठरवली त्यांनी ४८ मिनिटांपेक्षा तोंडी करायला सोपं म्हणून ती घेतली असणार, हा निष्कर्षही त्यानेच काढला.

तेव्हापासून फळ्याच्या एका कोपऱ्यात कालनिर्णयमधली तिथी, हिशेबाची वेळ आणि खरी वेळ असं लिहिलं जातं. खरी वेळ धक्क्याजवळ राहणारी मुलं आणतात. पायऱ्यांवर पाणी कुठवर आलं हे बघून. हिशेब आणि पाणी जुळत नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. समुद्रावर भरती झाली तरी खाडीत आत पाणी चढायला उशीर लागतो, आणि बंदरागणिक वेळ बदलते. (कुणी हे वाचून होडी काढायला जाऊ नका. हा आडाखा अंदाजाचा आहे.) उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक मी त्यांच्याकडून शिकले, सूर्य-चंद्राची ओढ त्यांनी माझ्याकडून. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बापमंडळी घरी जाळी विणत असतात. त्यांतले एक-दोघे शाळेत येऊन कोपऱ्यातला तक्ता बघून गेले. एकाने खडू मागून घेतला आणि आमची वेळ दुरुस्त केली. बंदीचे दिवस किती, तर तीस अधिक एकतीस, एकसष्ट. हे मात्र कुठल्याही इयत्तेच्या मुलाला विचारा, बोटं न मोजता सांगेल.

इतिहासाचं फार सांगण्यासारखं नाही. चौथीला शिवछत्रपती आहेत आणि हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की सुवर्णदुर्ग समोर दिसतो, त्यामुळे निम्मं काम किल्लाच करतो. जुलै २०२५ मध्ये तो इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, ते मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यावर वर्गाचा एकच प्रश्न होता, आता तिकीट लागणार का.

इंग्रजीला लागणारा धीर तोंडाचा. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे मी सुरुवातीच्या तुकड्यांतली. तेव्हा शिकवणारेही बिचकायचे. मोठ्याने एबीसीडी आणि पाठ केलेल्या कविता, एवढ्यावर आमचं भागलं. त्यामुळे वाक्य बोलायचं म्हटलं की जीभ आधी परवानगी मागते. घरी पाठ वाचून फोनवर रेकॉर्ड करायचा आणि स्वतःचाच आवाज ऐकायचा, हा उपाय कडू आहे पण लागू पडतो. वर्गात बोलकं केलं ते मात्र बोटीने. बोटीवरच्या वस्तूंची नावं सांगा म्हटलं तर फळा भरला. इंजिन, डिझेल, आइस, वायरलेस, प्रोपेलर, जीपीएस, लाइफ जॅकेट. हे सगळे इंग्रजी शब्द आहेत म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मग मना इंग्रजी येतं!" त्याच्या त्या धिटाईतलं थोडं मी उसनं घेतलं. आता 'टच द डोअर, जंप, सिट डाउन' असा तास चालतो, आणि माझं एखादं वाक्य अडखळलं तर मुलं थांबतात. हसत नाहीत. त्यांना माहीत आहे की पुढची पाळी त्यांची आहे.

गाणं मला अजून येत नाही. 'खेळू, करू, शिकू'च्या, म्हणजे खेळ-कला-कार्यानुभवाच्या तासाला मी जाखडी नाचणाऱ्या पोरांच्या हाती वर्ग देते आणि ताल धरते. ताल बरा धरते असं पोरं म्हणतात.

टाचणाबद्दल मात्र बोलते. टाचण म्हणजे प्रत्येक पाठाची लेखी तयारी, त्यात उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर मुलाला काय यायला हवं), तिचा आकड्या-टिंबांचा संकेतांक, साहित्य, मूल्यमापन. रकाने भरण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन तिथ्यांच्या भरत्या मोजून होतील. तरी मी ते टाकाऊ म्हणणार नाही. 'मुलं कुठे अडतील' असा एक रकाना मी स्वतःच वाढवलाय, छापील नमुन्यात तो नाही. तो भरताना बाकीचे रकाने आपोआप भरतात.

सध्या जेवणाच्या सुट्टीत, खिचडी वाटून झाली की, मी आणि बाई शेजारी शेजारी बसून एकाच पुस्तकातून अभ्यास करतो. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागणार, मुदत दोन वर्षं. बाई त्यात बसतात. इतकी वर्षं तीन-तीन वर्ग एका खोलीत सांभाळलेल्या माणसाने आता पात्रता सिद्ध करायची, यावर त्यांचं जे मत आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिला पेपर १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. गणिताला त्या मला हात देतात, इंग्रजीला मी त्यांना. मानसशास्त्र आम्हा दोघींनाही नवं-जुनं सारखंच.

परवा पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रश्न आला. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच, बारीक पेल्यात ओतलं तर सात वर्षांखालचं मूल म्हणतं की पाणी वाढलं. बाई म्हणाल्या, "बघूया तरी." पहिलीतली एक चिमुरडी हात धुवायला चालली होती, तिला बोलावलं. स्टीलचा पेला आणि काचेची बारीक बाटली घेऊन तिच्यासमोर पाणी ओतलं. "आता जास्त झालं की कमी?"

तिने आमच्या दोघींकडे असं बघितलं की जणू आम्हीच पहिलीत आहोत. "तेवडंच हाय. बाटली बारीक हाय ना. आमची आय जवला इकते तवा माप बारीक असलं तरी जवला तेवडाच."

बाईंनी तिला जायला सांगितलं, पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं आणि 'पाणी वाढले असे म्हणेल' या पर्यायापुढे बरोबरची खूण केली. "परीक्षेत पियाजेचंच लिहायचं गं," त्या म्हणाल्या. "मार्क तो देतो, ही नाही."